उशीएवढ्या पावाचं प्रकरण

आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीने लपवलं. मी गुप्तहेर आहे. मला कुणी नेमलेलं नाही. नेमलेले गुप्तहेर जरा कमी दर्जाचे असतात, पगार मिळतो म्हणून शोधतात. मी जन्मल्यापासून शोधतेय. माझं नाक इतकं तिखट की शेजारणीचं दूध उतू जाणार असेल तर मला आदल्या दिवशी कळतं. (स्वतःच्या शेगडीवरचं कळत नाही, पण तो नाकाचा विषय नाही.) आणि नजर तर विचारूच नका. परवा जिन्यात एक गृहस्थ समोरून आले. नुसते बूट बघून मी सांगितलं, "तुम्ही लांबून चालत आलाय, दमलाय, आणि घरात तुमचं कुणी ऐकत नाही."

ते म्हणाले, "अगं, मी आहे. चष्मा लाव."

हे आमचे हे. माझे सहायक. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे समोरचं किती वेळ बंद आहे हे न बोलता बघत बसायची त्यांना सवय आहे. स्वतःला ते सहायक म्हणवून घेत नाहीत. "मी फक्त पिशवी धरतो," म्हणतात. पण प्रत्येक तपासाची टिपणं त्यांच्या वहीत असतात, आणि प्रत्येक टिपणाच्या शेवटी 'निष्पन्न' असा मथळा असतो. त्यापुढे काय असतं ते मी वाचत नाही.

तर प्रकरण असं.

आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. तिथे मुलांच्या खोलीत दर बुधवारी तीन ते साडेचार माझा तास असतो. दीड तासाला तास का म्हणतात ते मला विचारू नका, अर्जात तसं लिहिलंय. 'पान आणि पातेलं' असं त्याचं नाव. आधी चित्रांचं पुस्तक वाचायचं, मग पुस्तकात जे कुणी खातं ते आपण करायचं. सशाने गाजर खाल्लं तर आपण गाजर किसायचं. उंदराने चीज लावलेला टोस्ट खाल्ला तर आपण टोस्ट. एकदा मगरीने पोस्टमन खाल्ला, तेव्हा मात्र आम्ही लिंबाचं सरबत करून विषय बदलला.

माझे विद्यार्थी पाच. माझी नात मिरी, वय चार, आकार आणि तिखटपणा नावाप्रमाणे. वकीलसाहेब, वय पाच, 'हात धू' म्हटलं तर 'कोणता' विचारणारे. पहिलवान, वय तीन, बोलतो कमी, खातो सलग. आणि दोन जुळ्या मुली, ज्यांना मी 'ही' आणि 'हीसुद्धा' म्हणते.

आता हा तास म्हणजे टांगती तलवार. वाचनालयाच्या समितीचे चिटणीस पहिल्यापासून विरोधात. पुस्तकाच्या खोलीत पीठ म्हणजे त्यांच्या मते चपला घालून पाण्याच्या टाकीत उतरणं. तास टिकला तो ग्रंथपाल बाईंमुळे. त्यांना आम्ही हळूबाई म्हणतो, कारण त्या रस्त्यातसुद्धा कुजबुजत बोलतात. त्यांनी स्वतःच्या सहीवर परवानगी काढली. अट एकच, एकाही पुस्तकाला धक्का लागता कामा नये. लागला तर तास बंद.

तुम्ही म्हणाल, बंद तर बंद, या वयात काय करायचंय. त्याचं असं आहे. माझी सून दातांची डॉक्टर. बोलते गोड, पण एकदा उपटायचं ठरवलं की उपटते. दोन महिन्यांत माझ्या हातून तीन पातेली करपली. दर वेळी मी मिरीला गोष्ट सांगत होते आणि गोष्ट ऐन रंगात आली होती. आता राक्षस गुहेतून बाहेर येतोय आणि मी त्याला 'थांब बाबा, गॅस बारीक करून येते' म्हणू? तिसऱ्या पातेल्यानंतर सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही आता फक्त बसा." तेव्हापासून मी स्वयंपाकघरात पाहुणीसारखी जाते. आठवड्यात एवढा एकच दीड तास उरला होता, जेव्हा कुणीतरी मान वर करून मला विचारतं, "आजी, आता पुढे काय?" तो गेला असता तर मी उरलेलं आयुष्य बसले असते.

त्या बुधवारचं पुस्तक होतं 'अस्वल आणि उशीएवढा पाव'. अस्वलाकडे उशी नसते, म्हणून ते उशीएवढा पाव भाजतं, त्यावर झोपतं, सकाळी भूक लागते म्हणून उशी खाऊन टाकतं, आणि रात्री परत उशी नाही. नवव्या पानावर तो पाव पूर्ण पानभर काढलाय. इतका फुगलेला की अस्वलाच्या घराचं दारच उघडत नाही. मुलं त्या पानावरून हलेनात.

माझी शिकवायची पद्धत सोपी. चित्र नीट बघायचं आणि तसं करायचं. मैदा, कोमट पाणी, मीठ, चिमूटभर साखर, यीस्ट. प्रत्येकाने एकदा चित्र बघायचं, एकदा पीठ मळायचं, परत चित्र बघायचं. पहिलवानाने दोन्ही हात आणि एक गुडघा लावून मळलं. पीठ असं झालं की गालावर घेऊन झोपावं.

"आता हे झाकून उबदार जागी ठेवायचं," मी म्हटलं, "म्हणजे फुगेल."

"का फुगेल?" वकीलसाहेब.

आता यीस्टचं खरं कारण सांगायला मला काही हरकत नव्हती, पण ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी दुसरं सांगितलं. "पीठ झोपलं की वाढतं. पण असतं फार लाजाळू. मी हाक मारेपर्यंत कुणी फडकं उचलून बघितलं, किंवा ते कुठे झोपलंय हे कुणी कुणाला सांगितलं, की ते रुसतं. माझ्या लहानपणी एका बाईने सांगितलं, तर तिचं पीठ रागावून खिडकीतून उतरलं आणि चालत पुढच्या गावाला गेलं. अजून आलं नाही."

"खरंच?" मिरीने विचारलं.

"मी कधी खोटं बोलते का?"

ह्यांना खोकल्याची उबळ आली.

मग मी जुळ्यांना नळाखाली धुवायला नेलं. कोणती धुतली आणि कोणती राहिली यात गोंधळ झाला, एकीला दोनदा धुतलं. परत येते तो दिवे गेले. सगळीकडे अंधुक, आया आपापली मुलं शोधतायत, हळूबाई कुजबुजत 'आज लवकर बंद, आज लवकर बंद' सांगतायत आणि कुणाला ऐकू जात नाहीये. हे आमची भांडी पिशवीत भरत होते. पिठाचं पातेलं त्यांनी घेतलंच असणार. आम्ही घरी आलो.

गुरुवारी सकाळी फोन आला. पलीकडे नुसता वारा. म्हणजे हळूबाई.

"आजी, अस्वल नाहीये."

"कुठलं अस्वल?"

"पुस्तक. टेबलावर नाही, कपाटात नाही. शनिवारी दुपारी बाराला समितीची वार्षिक मोजणी आहे. एकेक पुस्तक हातात घेऊन खूण करतात. मुलांच्या खोलीतलं एक जरी कमी भरलं ना, तर चिटणीस तुमचा तास बंद करणार. आणि सही माझी आहे."

मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "पिशवी घ्या."

"भाजीला जायचंय?"

"गुन्हा झालाय."

गुन्ह्याच्या जागी मी सगळं बारकाईने पाहिलं. दरवाजावर पिठाचे पाच पंजे, जमिनीपासून दोन फुटांवर. म्हणजे गुन्हेगार एकतर बुटका, किंवा ओणव्याने चालणारा. दुसरं, हळूबाईंच्या टेबलाजवळ एक वास. आंबूस, उग्र. मी डोळे मिटून नाक लावलं. शंकाच नको, दारू. तिसरं, हळूबाईंचा कॉम्प्युटर दर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडत होता. त्या म्हणाल्या, "आज सकाळपासूनच सुरू झालंय."

"लिहा," मी ह्यांना म्हटलं. "पुस्तक गायब, दारूचा वास, यंत्र बंद. तिन्हीचा संबंध आहे."

इथे मी बरोबर होते, हे कृपया नोंदवून ठेवा. कारण यानंतर मी बराच वेळ बरोबर नाही.

टेबलाच्या सगळ्यात जवळची खुर्ची पेपरवाल्या अण्णांची. अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. सकाळी नवापासून संध्याकाळपर्यंत सगळे पेपर वाचतात आणि प्रत्येक बातमीला शून्य गुण देतात. मुलांचा आवाज त्यांना चालत नाही. दारू पिऊन, संतापाच्या भरात, पुस्तक. चित्र स्पष्ट होतं. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या कॉलरपाशी वाकले.

"काय हुंगताय?" अण्णा पेपरातून न बघता म्हणाले.

"काही नाही. तोंड उघडा."

"कशाला?"

"चौकशी आहे."

"मी एकोणतीस वर्षं शाळा चालवली. मला कुणी तोंड उघडायला सांगितलेलं नाही."

"म्हणजे उघडायला अडचण आहे तर."

अण्णांनी पेपर खाली ठेवला आणि एवढा मोठा जबडा उघडला की मला त्यांचं शिक्षण दिसलं. वास आला तो लवंगेच्या तेलाचा. दाढ दुखत होती बिचाऱ्यांची. मी तिथल्या तिथे सूनबाईंच्या दवाखान्याचा पत्ता दिला.

"आणि वासाचं म्हणत असाल," अण्णा म्हणाले, "तर तो मलाही येतोय. मला वाटलं तुम्हीच."

ह्यांनी वहीत लिहिलं. निष्पन्न: एक पेशंट.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बेकरीवाला. विचार करा ना. पाच मुलं बुधवारी स्वतः पाव करायला शिकली तर गुरुवारी त्याच्याकडे कोण जाणार? पाच मुलं म्हणजे पाच घरं, पाच घरांच्या पंधरा ओळखी, वर्षभरात बेकरीला टाळं. माणूस पुस्तक पळवणार नाही तर काय करेल? मी वेषांतर करून गेले. ह्यांची टोपी, काळा चष्मा, गळ्याला मफलर, आवाज जाड.

"या आजी," बेकरीवाला म्हणाला.

"मी आजी नाही. मी पाव विकत घेणारा एक साधा इसम आहे."

"बरं. टोपीतून अंबाडा बाहेर आलाय, आत घ्या."

मी अंबाडा आत घेतला आणि नजर फिरवली. आणि काय सांगू, मागच्या फळीवर एक पाव होता, गुबगुबीत, चौकोनी, अगदी उशी. मी काउंटरवर हात आपटला. "हा कुठल्या पुस्तकात बघून केलात?"

"हा? बाबा करायचे, मग मी करतो. पुस्तक कशाला लागतं त्याला?"

"मग नववं पान कुठे आहे?"

त्याने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली, 'चालू द्या' अशी. बेकरीवाला स्वभावाने चांगला. म्हणाला, "मुलांनी पाव केला म्हणे बुधवारी. जमला का? पीठ किती वेळ ठेवलंत फुगायला?"

"मी इथे पुस्तकाच्या चौकशीला आलेय," मी त्याला बजावलं, "पिठाच्या नाही. विषय बदलू नका."

निष्पन्न: चार बनपाव.

शुक्रवारी मी साक्षीदार तपासायला घेतले. मुलांची साक्ष मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. मोठे तपास असेच करतात, महत्त्वाचं मागे ठेवतात. मिरी आमच्या बाल्कनीत वकीलसाहेबांबरोबर बसून रिकाम्या डब्यात चमचा फिरवत होती.

"अस्वलाचं पुस्तक कुठे आहे ते तुम्हाला माहितेय का?" मी सहज विचारलं.

"हो," मिरी म्हणाली.

मी खुर्चीत सरळ झाले. "कुठे आहे?"

"सांगायचं नाही."

"का?"

"सांगायचं नाही म्हणून."

"असं कुणी सांगितलं तुला?"

"तू."

मी वकीलसाहेबांकडे वळले. "मी सांगितलं? मी कधी सांगितलं?"

"बुधवारी," ते म्हणाले. "आणि आता तुम्ही विचारताय. म्हणजे तुम्ही आमची परीक्षा घेताय. आम्ही नाही सांगणार."

"पण पुस्तक मीच शोधतेय."

"हेच. तुम्ही फसवून विचारता. मागच्या वेळी अंडं कुठे लपवलं ते असंच विचारलं होतं."

दोघं डब्यात चमचा फिरवायला लागले. मी आत आले, दार लावलं, आणि ह्यांच्यासमोर बसले. माझा चेहरा बघून ह्यांनी न सांगताच वही काढली.

"मुलं खोटं बोलत नाहीत," मी म्हटलं. "त्यांना मीच सांगितलंय. पण मी तर सांगितलेलं नाही. म्हणजे कुणी सांगितलं?"

"कुणी?"

"मी. पण मी नव्हे. अहो, या गावात माझी तोतया फिरतेय."

ह्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "तुझ्यासारखी अजून एक?"

"हुबेहूब. तोच अंबाडा, तोच चष्मा, तीच तपकिरी शाल. दिवे गेले त्या अंधारात ती आत आली, मुलांना दम दिला, पुस्तक घेतलं आणि गेली."

"एक आहे तेच," ह्यांनी एवढंच म्हणून वाक्य सोडून दिलं. त्या वेळी मला ते अपुरं वाटलं.

संध्याकाळी आम्ही वाचनालयासमोर पाळत ठेवली. बरोबर सहा वाजता ती दिसली. तपकिरी शाल, अंबाडा, हातात पिशवी, मागे एक दमलेला माणूस. मी पुढे झाले, ती पुढे झाली. मी बोट रोखलं, तिने रोखलं. बेरकी होती. "खेळ संपला," मी ठणकावलं.

"ते दार आहे," हे मागून म्हणाले. "काचेचं. आणि मी दमलेलो नाही, माझा चेहराच तसा आहे."

निष्पन्न: रिकामं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सूनबाई म्हणाली, "आई, कसलं टेन्शन घेताय, एक तासच तर आहे आठवड्यातला." बरोबरच होतं तिचं. एक तासच तर होता.

शनिवारी अकरा वाजता मी मिरीला घेऊन वाचनालयात गेले. हळूबाईंना सांगायचं ठरवलं होतं की दोष माझ्यावर टाका. वकीलसाहेब आईबरोबर पुस्तक बदलायला आले होते. अण्णा गाल सुजवून पेपर वाचत होते. चिटणीस आधीच पोचलेले, हातात यादी, पुस्तक उचलायचं आणि टिक करायचं, उचलायचं आणि टिक. मुलांच्या कपाटापासून दोन कपाटं लांब होते.

आणि टेबलाजवळ वास एवढा वाढला होता की अण्णांनी पेपर नाकाला गुंडाळला होता. कॉम्प्युटर तर सकाळपासून उठलाच नव्हता. हळूबाईंनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं होतं. हा एक शिडशिडीत मुलगा, खिशात चार स्क्रू ड्रायव्हर, वागायला घाईचा. आला, बटण दाबून बघितलं, वायर हलवून बघितली, मग गुडघ्यावर बसून त्याने टेबलाखालच्या छोट्या कपाटाचं दार ओढलं. कॉम्प्युटरचा डबा त्या कपाटात असतो. दार उघडेना. त्याने पाय लावून ओढलं. उघडलं.

तो थोडा वेळ आत बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या मशीनला पिल्लू झालंय."

आम्ही सगळे वाकलो. आत एक पातेलं होतं, आमचं. पातेल्याच्या कडांवरून चारी बाजूंनी पीठ बाहेर आलेलं, करड्या रंगाचं, वर कडक पापुद्रा, मधे बुडबुडे. त्याने डब्याला मिठी मारली होती आणि हवेची भोकं बंद करून टाकली होती. त्या सगळ्यावर एक फडकं. आणि फडक्याखाली, पिठावर पालथं उघडून ठेवलेलं, अर्धं आत रुतलेलं, अस्वल.

"तू आवरलं होतंस ना पातेलं?" हे मला म्हणाले.

"तुम्ही नव्हतं आवरलं?"

यावर आम्ही दोघंही एकदमच दुसरीकडे बघायला लागलो.

"उठलं," मिरी आनंदाने म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिचं तोंड उतरलं. "आजी, तू हाक मारलीच नाहीस. आम्ही वाट बघत होतो."

"अगं, पण इथे कुणी ठेवलं?"

"तूच म्हणालीस उबदार जागी. आम्ही सगळीकडे हात लावून बघितला. खिडकी गार. कपाट गार. अण्णा गरम होते."

"पण अण्णांवर ठेवता येत नव्हतं," वकीलसाहेबांनी खुलासा केला. "ते हलतात. इथे गरम वारा येतो."

"आणि पुस्तक?" हळूबाईंनी विचारलं. त्या इतक्या हळू बोलल्या की आम्ही ओठांवरून ओळखलं.

"पिठाला चित्र दाखवलं," मिरी म्हणाली, जसं काही हे आम्हालाच सुचायला हवं होतं. "आम्ही बघून करतो ना? मग त्याला नको का कळायला केवढं व्हायचं ते?"

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ प्रकरणं सोडवली आहेत असं मी पुष्कळांना सांगितलंय. पण हे माझ्या पातेल्याने केलेलं, माझ्याच विद्यार्थ्यांनी, माझ्याच पद्धतीने, आणि साक्षीदारांची तोंडं मीच बंद केलेली. तीन दिवस हळूबाई त्याच्यावर गुडघे टेकवून बसल्या होत्या. सोडवलं कुणी, तर ज्याला नुसतं दार उघडायचं होतं त्याने.

तेवढ्यात मागे चिटणीस आले. त्यांनी यादीकडे बघितलं, मग पातेल्यात.

"हे पुस्तक आहे की पाव?"

मी पुढे झाले. सगळं सांगितलं. दिवे गेले, पीठ लाजाळू असतं, अण्णा हलतात, पिठाला चित्र दाखवलं. एक शब्द वाढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सलग पाच मिनिटं खरं बोलले, आणि त्या गृहस्थाने एका शब्दावर विश्वास ठेवला नाही.

"बाई," ते म्हणाले, "मला समितीला काहीतरी पटण्यासारखं सांगावं लागेल."

शेवटी त्यांनी नियम काढला. पुस्तक वाचण्यासारखं राहिलं नाही, तर तेच पुस्तक आठवड्याच्या आत आणून द्यायचं, नाहीतर तास बंद. हळूबाईंनी सांगितलं की हे पुस्तक आता छापतच नाहीत. चिटणीस म्हणाले, "मग प्रश्नच मिटला." अस्वलाचं डोकं पिठात वाळून गेलं होतं. मी पदराने पुसायला गेले तर कान माझ्या हातात आला.

"आम्हाला पाठ आहे," वकीलसाहेब म्हणाले.

"काय?"

"पुस्तक. तेच पुस्तक आणायचं म्हणालात ना? तुम्ही 'विकत' नाही म्हणालात. आम्ही आणतो."

चिटणीसांनी नियम परत वाचला. मग त्या मुलाकडे बघितलं. "बुधवार," ते म्हणाले.

रविवार, सोमवार, मंगळवार आमच्या बैठकीच्या खोलीत पाच मुलं पोटावर झोपून होती. जाड कागद, मेणाचे रंग, मधे शिवायला ह्यांची घड्याळाच्या पट्ट्यांची सुई. चित्रं त्यांनी काढायची, शब्द त्यांनी सांगायचे, मी लिहायचे. पहिल्या दोन पानांवर अस्वल होतं. तिसऱ्या पानावर अस्वलाला अंबाडा आला.

"हे काय?" मी विचारलं.

"आजी," ही म्हणाली.

"आजी," हीसुद्धा म्हणाली.

"पण पुस्तकात आजी नव्हती."

"मग राहिली असेल," मिरी म्हणाली. "लिही. 'आजीने अण्णांच्या तोंडात शोधलं. तिथे नव्हतं.'"

मी म्हटलं, अगं, जरा त्यात एखादा डाकू घालूया, आजी त्याला छपरावरून उडी मारून पकडते. मत घेतलं, पाचाविरुद्ध एक पडलं. माझी उडी गेली. पुढच्या पानावर आजी काचेच्या दाराशी भांडत होती. हे कुणी सांगितलं मुलांना म्हणून मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे सुईत दोरा ओवत होते, फार मन लावून. सूनबाई दारात उभी राहून हसत होती. मग पाचही मुलांना भूक लागली आणि तिने मला हाक मारली, "आई, जरा येता का? यांना पटकन काहीतरी करायचं, मला सुचत नाहीये." मी स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला. गोष्ट सांगितली नाही, करपवलं नाही. तिने बघितलं आणि बाहेर गेली.

बुधवारी तीनला चिटणीस मुलांच्या खोलीत आले. त्या खोलीत मोठी खुर्ची नाही, म्हणून बोटभर उंचीच्या लाल स्टुलावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. समोर पाच मुलं मांडी घालून. मी दाराशी, हळूबाई माझा हात धरून.

चिटणीसांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. सहाव्या पानाशी थांबले. तिथे आजी पातेल्याच्या पाठीवर उभी राहून लांब बघत होती, डोळ्यांवर हात धरून. चिटणीसांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं.

"हे तेच पुस्तक नाही," ते म्हणाले.

"नाही," वकीलसाहेबांनी कबूल केलं. "ते खोटं होतं. अस्वलं पाव करत नाहीत. हे खरं आहे."

"खरं आहे?"

"तुम्ही आजींना विचारा."

चिटणीसांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ह्या खेपेला त्यांनी विश्वास ठेवला, कारण चित्र होतं.

ते शेवटच्या पानावर आले. त्यावर कृती होती, मिरीने सांगितलेली, मीच लिहिलेली, आणि लिहिताना खूप भांडून. चिटणीसांनी चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने वाचली. "मैदा घ्या. कोमट पाणी. मीठ. चिमूटभर साखर. यीस्ट. मळा. चित्र दाखवा. झाका. आजीला सांगू नका."

त्यांनी हळूबाईंकडे पुस्तक दिलं. "नंबर घाला. पाककृतीत ठेवा."

"रहस्यकथांमध्ये," मी म्हटलं.

"पाककृतीत," चिटणीस म्हणाले. मग उठता उठता, म्हणजे स्टूल मागे चिकटून येत असताना, ते थांबले आणि मिरीला अगदी गंभीरपणे म्हणाले, "एक समजलं नाही. आजीला का सांगायचं नाही?"

मिरीने हात आधीच धुतले होते, ते पुसत होती.

"ती शोधत बसते," ती म्हणाली. "मग आम्हाला खायला उशीर होतो."